वाळवंटातली आगोट

परवा दुपारी घरादारातले सगळे फोन एकदम किंचाळले. माझा ओट्यावर, लेकीचा तिच्या खोलीत, समोरच्या व्हिलातल्या कोणाचा तरी गाडीत विसरलेला. सरकारी इशारा होता. जोराचा पाऊस, गारांची शक्यता, ओढ्यांच्या पात्रात गाड्या घालू नका. वाचून झाल्यावर मी गॅसची आच कमी केली आणि खिडकीतून पाहिलं. जबलच्या, म्हणजे शहरालगतच्या डोंगराच्या, अंगाला आभाळ गढूळ झालं होतं, खजुरांचं एक पान हलत नव्हतं.

थोड्याच वेळात आमच्या कंपाउंडच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले. ‘शमीम, पाणी किती भरून ठेवायचं?’ ‘शमीम दीदी, एक्स्ट्रा सिलिंडर लेना है क्या?’ अल ऐन या आखाती शहरातल्या या सहा व्हिलांच्या आवारात मला कोणी सरपंच नेमलेलं नाही. मी एका शाळेत सायन्सची प्रयोगशाळा सांभाळते, एवढंच. पण त्या एका मोसमानंतर आभाळ भरून आलं की लोक मला विचारतात आणि मीही न लाजता सांगते. काय भरायचं ते सांगते. कशाला घाबरायचं नाही तेही सांगते.

रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात कडक उन्हाचे दिवस संपत आले की घरोघर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, बेगमी सुरू व्हायची. अंगणात सुकट, सोडे, बोंबील. पाटावर आंब्याची साठं. आमसुलांना मिठाच्या पाण्याचे हात. पडवीला माडाची झापं बांधायची, लाकडं घराच्या कोरड्या बाजूला रचायची, कंदिलाच्या वाती कापायच्या. पुढचे चार महिने होडी चालणार नाही, वाट तुटेल, दुकानात मीठसुद्धा मिळेल न मिळेल, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. पण त्याची भीती कोणी घालत नसे. आई सुकट वाळवता वाळवता शेजारणीशी लग्नाच्या गप्पा मारायची. ते एक मोसमी काम होतं, घर सारवण्यासारखं. माशांचा तो खारट, उग्र वास आणि तापलेल्या मातीचा वास एकत्र नाकात शिरला की मला आजही वाटतं, आता आपलं सगळं नीट होणार आहे.

या वासामुळेच वॉल्टरशी ओळख झाली.

वॉल्टर आमच्या शेजारच्या व्हिलात एकटा राहायचा. साठीच्या पुढचा अमेरिकन, लालसर मानेचा, एका तांत्रिक संस्थेत पोरांना यंत्रांची दुरुस्ती शिकवणारा. एका शुक्रवारी मी गच्चीवर गावाहून आलेलं सुकट पुन्हा ऊन दाखवायला पसरलं होतं. खालून दारावर थाप पडली. मला वाटलं, आला वासाची तक्रार घेऊन. तक्रारच घेऊन आला होता. पण गच्चीवर येऊन त्यानं ते सुकट पाहिलं, एक बोटात धरून मोडलं, हुंगलं आणि विचारलं, “हे किती महिने टिकतं?”

“नीट ठेवलं तर वर्षभर.”

“फ्रिजशिवाय?”

“आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा मी कॉलेजात होते,” मी म्हटलं.

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. मी ते इथं माझ्या मराठीत सांगते आहे. त्या दिवशी वॉल्टर तासभर गच्चीवर उभा राहून प्रश्न विचारत होता. दुसऱ्या आठवड्यात त्यानं मला आणि माझ्या नवऱ्याला, सलीमला, त्याच्या घरी बोलावलं आणि मजलिसची खोली उघडून दाखवली. तिथं पाहुण्यांसाठी एक उशीसुद्धा नव्हती. भिंतीला लोखंडी रॅक, छतापर्यंत. पाण्याचे खोके, तांदूळ, घेवड्याचे डबे, बॅटऱ्या, दोऱ्या, घडी होणारे सोलर पॅनेल, जखमेवरच्या पट्ट्यांचे गठ्ठे. एका कोपऱ्यात जगभरची स्टेशनं पकडणारा रेडिओ आणि सनायातल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातल्या, दुकानातून घेतलेले, सरकारी मंजुरीचा स्टिकर लावलेले दोन वॉकीटॉकी. सलीम दबक्या आवाजात म्हणाला, “हा ग्रोसरीचं दुकान काढतोय की काय?”

तिकडे त्याच्या देशात हा माणूस मिलिशियात होता. तो शब्द त्यानंच मला समजावला. सरकारवर भरवसा नसलेली साधी माणसं, कोणी सुतार, कोणी ट्रकवाला, स्वतःच्या बंदुका घेऊन रानात जमतात, लष्करासारखी कवायत करतात, धान्याचे आणि दारूगोळ्याचे साठे करतात, फोन बंद पडले तर बोलता यावं म्हणून आपापले रेडिओ लावतात. एक दिवस सगळं कोसळणार याची त्यांना खात्री असते. वॉल्टरनं त्यात वीस-बावीस वर्षं काढली होती. इथं बंदूक नाही, आणि तिची आठवण त्याच्या हातांना यायची. दर रविवारी कवायतीनंतर ते बंदुका साफ करायचे, टेबलावर जुनी चादर अंथरून. त्या तेलाचा वास अजून बोटांना येतो, असं तो म्हणाला.

मग मीही त्याला अब्बांच्या बंदुकीचं सांगितलं. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची एकनळी. भातात रानडुकरं उतरली की वाडीतलं कोणीही अब्बांना हाक मारायला यायचं. अब्बा मारण्यापेक्षा बार काढून हुसकावायचेच जास्त. सकाळी पडवीत बसून नळी धुवायची. कढत पाणी वरून ओतायचं काम माझं. खालच्या बारीक भोकातून काळं पाणी यायचं, कुजक्या अंड्यासारखा वास मारायचं. मग गजाला चिंधी गुंडाळून नळी आतून कोरडी करायची आणि शेवटी खोबरेलाचा हात. निवडणूक आली की बंदूक पोलिसठाण्यात जमा. परत आणली की तिच्यावर चढलेला गंज बघून अब्बा दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत.

वॉल्टरचे डोळे चमकले. “म्हणजे तुम्हाला कळतं.”

“थोडं कळतं,” मी म्हटलं. “तुमची बंदूक कोणासाठी होती?”

त्यानं बोटांवर मोजलं. “जो येईल त्याच्यासाठी. सरकार. लुटारू. शहरातले उपाशी लोक.”

“आले?”

“नाही.”

“मग का सोडलंत?”

“आमच्यातला प्रमुख कोण, यावरून भांडण झालं. एका रविवारी आम्हीच एकमेकांवर बंदुका रोखून उभे होतो. त्यात माझा सख्खा मेव्हणा होता.” तो हसला, पण हसू त्याच्या तोंडावर टिकलं नाही. “त्यानंतर मी नोकरीच्या जाहिराती बघायला लागलो. जितकी लांब तितकी बरी.”

मला त्याची दया आली आणि रागही आला. आमच्या वाडीत एक बंदूक होती आणि ती सगळ्यांची होती. यांच्याकडे प्रत्येकाची वेगळी होती. वाईट दिवस येणार याबद्दल त्या माणसांना खात्री होती, फक्त एकमेकांची नव्हती.

तर, तो मोसम.

सलीम इथून दीडेक तास लांब मुसफ्फात फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीत राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी अल ऐनला येतो. गारा पडल्या त्या दिवशी पावसाच्या इशाऱ्यामुळे शाळा ऑनलाइन होत्या, म्हणून मी आणि आफरीन दोघी घरीच होतो. आफरीन तेव्हा पंधरा वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची रीत. दुपारी आभाळ शेवाळी झालं. आधी एक टप्पकन आवाज, मग दुसरा, आणि मग कोणी डबर ओतावं तशा गारा. लिंबाएवढ्या. समोरच्या गाडीची मागची काच आमच्या डोळ्यांदेखत फुटली. “ओ माय गॉड, अम्मी,” आफरीन म्हणाली आणि व्हिडिओ काढायला धावली. मी तिला दंडाला धरून आत ओढलं.

गारा थांबल्या तेव्हा अंगण पांढरं झालं होतं, आणि मग पाऊस सुरू झाला. मी कोकणातली आहे, पावसाचं कौतुक मला कोणी सांगू नये. पण पाऊस कितीही पडो, आमच्या गावाला पाणी कुठं न्यायचं ते ठाऊक असतं. हे शहर वाळवंटाच्या भरवशावर बांधलेलं. पाणी रस्त्यावर उभं राहिलं, मग चालायला लागलं, मग कायम कोरडा असणारा मागचा ओढा गरजायला लागला. संध्याकाळी वीज गेली. फोनवर सलीमचा आवाज तुटत तुटत आला, “रस्ता बंद आहे, मी इथंच... तुम्ही बाहेर पडू नका...” आणि मग नेटवर्कही गेलं. आफरीन फोनकडे बघत बसली, हातातली वस्तू अचानक मेल्यासारखी.

मगरिबच्या, सांजेच्या नमाजाच्या, सुमाराला वॉल्टरनं सगळ्यांना गाड्यांच्या शेडखाली बोलावलं. आमचं कंपाउंड थोडं उंचावर आहे, सगळ्या व्हिलांना मिळून एक भिंत आणि एकच मोठं लोखंडी गेट. त्याच्या डोक्यावर दिवा बांधलेला, अंगात खिशांचं जाकीट. खरं सांगायचं तर तो आनंदात होता. आयुष्यभर ज्या पाहुण्याची वाट पाहिली तो दारात आल्यासारखा. त्यानं गेटला जाड साखळी घातली, कुलूप लावलं आणि सांगितलं, आता पुरुषांनी पाळीपाळीनं पहारा द्यायचा.

“कोणापासून?” मी विचारलं.

“मॅडम, पहिल्या दिवशी दारात येतो तो शेजारी असतो. तिसऱ्या दिवशी येतो तो जमाव असतो.”

“आणि कोणी तहानलेला आला तर?”

“आपल्याकडे आपल्यापुरतंच आहे.”

बाकीच्या घरांतली माणसं त्याच्याभोवती सरकली. कोणी मान हलवली, कोणी मुलांना जवळ घेतलं. घाबरलेल्या माणसाला कोणीतरी ठाम बोलणारा हवा असतो, काय बोलतो ते तो नंतर बघतो. मी घरी आले आणि भात टाकला. जास्तच टाकला. सलीम घरात नसला तरी मला त्याच्या वाटणीचा भात कमी टाकता येत नाही, त्यातलंच ते.

सकाळी पाऊस थांबला होता. गेटवर धाडधाड ऐकू आली म्हणून मी खाली गेले. गजांपलीकडे सात-आठ माणसं उभी होती, कमरेपर्यंत चिखलानं माखलेली. आमच्या मागच्या बाजूला एका इमारतीचं काम चालू होतं, तिथल्या पोर्टाकॅबिनमध्ये राहणारे कामगार. पुढं होते गणपतभाऊ, तिथले सुतारांचे मुकादम. पाटणकडचा माणूस. किराणा दुकानात भेटले की “कसं काय ताई, गावाकडं पाऊस पडला का?” एवढं विचारणारे, तेवढीच आमची ओळख. त्यांच्यामागं दोघांनी तिसऱ्याला खांद्यावर तोललं होतं. तो दत्तू. पोटरीला पत्रा कापून गेला होता आणि बांधलेला टॉवेल पार काळा झाला होता.

“ताई, कॅबिनमध्ये छातीएवढं पाणी शिरलं. सगळी ट्रकच्या हौद्यात बसून होतो. कंपनीची बस येईना, फोन लागंना. जरा पाणी द्या, आन याला कोरड्यात टेकू द्या. आमी काय मागत न्हाई दुसरं.”

वॉल्टर गेटला पाठ लावून उभा होता. त्याच्या हातात लोखंडी पाइप होता, आणि तो त्यानं धरला होता बंदुकीसारखा, तिरका, छातीवरून. “त्यांना सांगा मेन रोडला जायला. तिकडे मदत येईल.”

“मेन रोड बुडालाय, मिस्टर वॉल्टर. गेट उघडा.”

“काल ठरलंय आपलं.”

“तुमचं ठरलंय. चावी द्या.”

“शमीम, ऐका. आज आठ आत घ्याल, दुपारी ऐंशी येतील. मी हे सगळं अभ्यासलंय. गेट उघडणारी माणसं आधी संपतात.”

“मी त्या माणसाला ओळखते. गणपतभाऊ आहेत ते.”

“बाकीच्यांना ओळखता?”

“नाही. ओळख करून घेईन.”

त्यानं मान हलवली. चावी जाकिटाच्या खिशात होती आणि खिशावर त्याचा हात. त्याच्याशी झोंबी घेण्याइतकी मी वेडी नव्हते. मी वळले आणि घरात गेले. त्याला वाटलं असणार, बाई रडायला गेली. जिन्याखाली सलीमची अवजारांची पेटी असते. वर्कशॉपमध्ये जाड सळई तोडायला वापरतात तो लांब दांड्यांचा कटर मी बाहेर काढला. मला तो दोन्ही हातांनी उचलावा लागला. आफरीन जिन्यावर उभी होती.

“अम्मी, आर यू सीरियस?”

“चप्पल घाल आणि ये. दुसरा दांडा धर.”

लोक आपापल्या दारात आले होते. वॉल्टर बाजूला झाला नाही, पण पाइपही उगारला नाही. त्याच्या कोपराशेजारून मी कटरचं तोंड साखळीला लावलं. माझा दांडा मी दाबला, आफरीननं तिचा. पहिल्यांदा नुसतं घसरलं. मी तिच्यावरच खेकसले, “जोर लाव!” दुसऱ्यांदा साखळीची कडी टचकन तुटली आणि मी तोंडावर आपटता आपटता वाचले. गणपतभाऊंनी बाहेरून गेट ढकललं.

“या,” मी म्हटलं. “चपला तिथं काढा, चिखल आत आणू नका.”

असं काहीतरी मोठं केल्यावर माणसाच्या तोंडून शोभेसं वाक्य निघत नाही. पण त्या चपला मात्र खरंच ओळीनं काढल्या गेल्या.

गाड्यांच्या शेडखाली चटया पडल्या. मी चहा ठेवला. इतका वेळ दाराआड असलेल्या बायका एकेक करून बाहेर आल्या. कोणी खुबूसच्या रोट्या आणल्या, कोणी जुने शर्ट. दुपारपर्यंत त्या माणसांनी आमच्यासाठी जे केलं, ते आम्हाला आठवडाभर जमलं नसतं. पंप बंद म्हणून नळाला पाणी नव्हतं. त्यांनी जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडून दोरीनं बादल्या ओढल्या आणि प्रत्येक घराची बादली भरली. कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात पाणी वाढत चाललं होतं. गणपतभाऊ पोटावर झोपून, गटारात खांद्यापर्यंत हात घालून पाला आणि प्लास्टिक उपसत राहिले, आणि सगळं तुंबलेलं पाणी एक गिरकी घेऊन निघून गेलं. वॉल्टर त्याच्या व्हिलात जाऊन बसला होता. खिडक्यांची शटर खाली.

दत्तूचं मात्र ठीक नव्हतं. जखम मी उकळलेल्या पाण्यानं धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. प्रयोगशाळेत प्रथमोपचार शिकवतात तेवढं मला येतं, आणि तेवढं पुरणार नाही हेही तेवढ्यानंच कळतं. त्याचं अंग तापलं होतं आणि तो एकसारखा पाणी मागत होता. हॉस्पिटलला न्यायला हवं होतं. गच्चीवरून पाहिलं तर लांब गोल चौकाशी बचावपथकाची उंच चाकांची गाडी दिसत होती. मध्ये सगळं पाणी. कुठं घोटाभर, कुठं माणूस बुडेल एवढं, आणि खाली उतरलं की यातलं काही दिसत नव्हतं. तपकिरी पाणी सगळीकडे सारखंच दिसतं.

मी वॉल्टरचं दार वाजवलं. त्यानं फटीएवढं उघडलं.

“मला तुमचं पाणी नको. डबे नकोत. ते दोन वॉकीटॉकी द्या.”

“ते माझ्या सुरक्षेसाठी आहेत.”

“कसे?”

“नेटवर्क गेलं तर संपर्कासाठी. त्याला कोणाचा टॉवर लागत नाही, कोणाची परवानगी...”

“मिस्टर वॉल्टर, दोन्ही सेट तुमच्याच रॅकवर आहेत. तुम्ही बोलणार कोणाशी?”

हे मी टोमणा म्हणून बोलले नव्हते. त्या क्षणी मला खरंच ते कळत नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी विसरणार नाही. त्यानं दार मिटलं. मी दारापुढच्या दोन पायऱ्या उतरलेही होते. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. त्याच्या दोन्ही हातांत दोन सेट होते आणि गळ्यात दुर्बीण.

“एक त्यांना द्या,” तो म्हणाला. “दुसरा मी चालवतो. वरून दिसतं, पण बघायची सवय लागते.”

कोणीतरी घरातलं एक दार बिजागऱ्यांवरून काढलं. दत्तूला त्यावर झोपवून वॉल्टरच्याच दोऱ्यांनी बांधलं. गणपतभाऊंनी सेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला, आणि चौघं तो दाराचा फळा खांद्यावर घेऊन पाण्यात उतरले. गच्चीवर वॉल्टर, मी आणि आफरीन. वॉल्टर डोळ्याला दुर्बीण लावून इंग्रजीत सांगत होता, आफरीन ते सेटमध्ये बोलत होती. गणपतभाऊंना इंग्रजी येत नव्हतं आणि माझ्या लेकीला मराठीत दिशा सांगायची वेळ तोवर कधी आली नव्हती.

“टेल देम, कीप लेफ्ट. देअर इज अ डिच.”

“अंकल, लेफ्ट... डावीकडे! खड्डा आहे, मोठा खड्डा!”

“डावीकडं घेतो पोरी,” सेटमधून खरखर आली. “हितं पाणी वडतंय. पुढं कसं हाय?”

“पुढे... अम्मी, शॅलोला काय म्हणतात?”

“उथळ.”

“पुढे उथळ आहे! त्या पांढऱ्या गाडीच्या मागून या. भिंतीला धरून!”

एकदा मागचा माणूस घसरला आणि फळा एका अंगाला कलला. सेटमधून नुसता आरडाओरडा आला, मग काहीच नाही. “कम ऑन,” वॉल्टर पुटपुटला, “कम ऑन, बॉइज.” आफरीन ओरडत राहिली, “गणपत अंकल? गणपत अंकल, बोला ना!” मी गच्चीचा कठडा धरून उभी होते. गेट मी उघडलं होतं, त्यांना पाण्यात मी उतरवलं होतं. या माणसांतलं कोणी गेलं असतं तर ते माझ्यावर होतं आणि ते मला मान्य होतं. तरीही साखळी कापल्याचा पस्तावा मला त्या घडीलाही झाला नाही, हे मी आज स्वच्छ सांगते.

मग खरखर झाली. “हाय, हाय. सगळी हाय. दत्तू बी हाय. पुढं बोल, पोरी.”

चौकाजवळ पोहोचल्यावर उंच चाकांच्या गाडीतून माणसं खाली उतरताना दिसली. फळा हातोहात वर गेला. “खलास, पोहोचले!” आफरीन गच्चीवर नाचायला लागली. “दे गॉट हिम! अम्मी, दे गॉट हिम!” वॉल्टरनं दुर्बीण खाली केली आणि पाठ फिरवून बराच वेळ जबलकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

त्या दुपारी मजलिसची खोली उघडली. वॉल्टर घेवड्याचे डबे खोक्यानं बाहेर आणत होता. गणपतभाऊंनी ते चाखून तोंड वाकडं केलं, कांदा, लसूण, मिरची मागून घेतली आणि मोठ्या टोपात लालभडक रस्सा केला. वॉल्टर आमच्यात मांडी घालून जेवायला बसला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण ताट त्यानं पुसून घेतलं.

रस्ता खुला झाल्यावर सलीम आला. गेटला लोंबणारी साखळी बघून त्यानं पहिला प्रश्न विचारला, “कशानं कापली?” मी सांगितलं. “माझ्या नव्या कटरनं?” तो म्हणाला आणि मग आम्हा दोघींना एकदम मिठीत घेतलं. दत्तूच्या पोटरीला टाके पडले. महिन्यानं तो लंगडत पेढे घेऊन आला. फोन सुरू झाल्यावर गावाहून भावाचा फोन आला, “वाळवंटात बुडून मरायला गेलात काय? गुंडाळा आता सगळं आणि परत या.” मी म्हटलं, “दादा, आपल्याकडे पूर आला तेव्हा तू कुठं पळालास?” कंपाउंडमधले काही जण आजही म्हणतात, नशीब चांगलं म्हणून निभावलं, दुसरे कोणी असते तर? म्हणोत. भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. पण भीतीच्या हातात चावी द्यायची, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. मी अजून इथंच राहते.

वॉल्टरही बदलला वगैरे नाही. करार संपून तो निघाला तोपर्यंत त्याचं म्हणणं तेच होतं की माझं चुकलं होतं. निघायच्या दिवशी टॅक्सी बाहेर उभी होती, त्याच्या एका हातात तो रेडिओ होता. रॅकवरचं सगळं त्यानं गणपतभाऊंच्या माणसांना वाटून टाकलं होतं.

“शमीम, एक विचारायचं राहिलं,” तो म्हणाला. “ती वाईट माणसं निघाली असती तर?”

“तर मीच गेट लावलं असतं. पण आधी तोंड बघून.”

“तोंड बघून कळतं?”

“नेहमी नाही कळत.”

“मग?”

“मग चुकेन मी, वॉल्टर. पण गेट लावून चुकण्यापेक्षा उघडून चुकेन.”

टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला, “यल्ला, यल्ला, फ्लाइट!” वॉल्टरनं रेडिओ काखेत घेतला, उजवा हात छातीवर ठेवून, इथली माणसं करतात तसा, किंचित झुकला आणि म्हणाला, “तुम्ही तिकडे आमच्यात असायला हव्या होतात.”

“नको,” मी म्हटलं. “तुम्ही आमच्यात होतात, तेवढं पुरे.”